२४९ ग्रॅमचा डोक्याला ताप

'अडीचशे ग्रॅमच्या आतला ड्रोन घे रे, काही कटकट नाही' असं मला ज्याने पहिल्यांदा सांगितलं, त्याला एकदा माझ्यासमोर उभा करा. मारणार नाही. त्याच्या हातात ते २४९ ग्रॅमचं खेळणं देईन आणि म्हणेन, चल, उडव. कुठे उडवतोस ते दाखव.

ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने २०२१ मध्ये घेतलेला हा ड्रोन. त्याने चार वेळा उडवला, मग मूल झालं, मग ड्रोन माळ्यावर गेला. मी सेकंडहँड घेतला, कारण नवा घ्यायचा तर फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी बनावटीचे तयार ड्रोन आयात करायलाच बंदी आहे. बाजारात मिळतात, नाही असं नाही. पण बिल मागितलं की दुकानदार शेजारच्या ट्रायपॉडवरची धूळ पुसायला लागतो. म्हटलं, नको ती भानगड. ओळखीच्या माणसाकडून रीतसर घेऊ. तीन बॅटऱ्या, आठ पाती, मुंगीच्या डोक्याएवढे स्क्रू आणि तेवढाच एक स्क्रू-ड्रायव्हर. खूण असलेली पाती खूण असलेल्या दांडीवर लावायची, बिनखुणेची बिनखुणेच्या. उलट लावलीत तर उडायच्या ऐवजी जागेवरच कोलांटी मारतो. हे मला कसं कळलं ते विचारू नका.

मग अ‍ॅप. ते प्ले स्टोअरवर नाहीच. कंपनीच्या साइटवरून फाइल उतरवायची, फोन तीनदा 'हे धोकादायक आहे' म्हणणार, तिन्ही वेळा 'असू दे' म्हणायचं. एवढं करून ड्रोन जोडला तर तो जुन्या मालकाच्या खात्याला बांधलेला. जुना मालक आता दुसऱ्या कंपनीत, पासवर्ड विसरलेला, आणि ज्या नंबरवर ओटीपी जातो तो नंबर त्याने बंद केलेला. या एका गाठीत तीन आठवडे गेले. इतक्या दिवसांत माणूस पोहायला शिकतो हो.

आणि हे सगळं मी आनंदाने केलं. खरं सांगतो. राग तिथून पुढे सुरू होतो.

ड्रोन तयार झाला, रविवार उजाडला, मी सरकारी नकाशा उघडला. कारण मी मूर्ख आहे. मी नियम वाचतो. ऑगस्ट २०२१ चे ड्रोन नियम पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेला आमच्या सोसायटीतला मी एकमेव माणूस असेन. त्यात हिरवा, पिवळा, लाल असे पट्टे आहेत. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत, म्हणजे साधारण १२० मीटर, खुशाल उडवा. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरवर असाल तर २०० फूट. पिवळ्यात विमानतळाच्या नियंत्रण कक्षाची परवानगी. लालमध्ये थेट केंद्र सरकारची. किती सुटसुटीत! वाचून मला भरून आलं होतं.

आता जरा पुण्याचा विचार करा. ईशान्येला लोहगाव, तो मुळात हवाईदलाचा तळ. खडकीला दारूगोळ्याचा कारखाना. पाषाणला डीआरडीओच्या प्रयोगशाळा. खडकवासल्याला एनडीए. मधोमध कॅन्टोन्मेंट. जिथे सैन्याचं काही नाही अशी एक दिशा मला या शहरात दाखवा. मी राहतो वारज्यात, म्हणजे एनडीएच्या उशाशीच. गच्चीवर उभं राहून तो नकाशा बघितला आणि ड्रोन न उघडता खाली आलो. बायको म्हणाली, 'एवढ्यात झालं पण?' मी म्हटलं, 'वारा होता.'

लोकांना वाटतं २४९ ग्रॅम म्हणजे सूट. अरे, सूट आहे ती पायलटच्या प्रमाणपत्राची! अडीचशे ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला ते लागत नाही. हौसेखातर उडवणार असाल तर दोन किलोपर्यंतच्या मायक्रोलाही नाही. पण लाल पट्टा तुमचं वजन विचारत नाही. शिवाय नियमांच्या वर पोलिसांचे जमावबंदीचे आदेश असतात, ते सणावाराला, निवडणुकीला, कुणी मोठा माणूस येणार असला की निघतात, आणि त्यांत ड्रोन, पॅराग्लायडर, हॉट एअर बलून अशी यादी असते. हॉट एअर बलून! माझं ते २४९ ग्रॅमचं पाखरू त्या यादीत बलूनच्या शेजारी बसलेलं असतं.

म्हटलं, सरळ जाऊन विचारू. एका चौकीत गेलो. कुठल्या ते सांगत नाही, कारण माणसं वाईट नव्हती.

'शूटिंग कसलं आहे?'

'शूटिंग नाही साहेब. शिकतोय. मैदानावर उडवलं तर चालेल का, एवढंच विचारायचं होतं.'

'शिकताय, तर क्लास लावा ना.'

'क्लास धंदा करणाऱ्यांसाठी असतो. मला फोटो काढायचेत. डोंगरांचे वगैरे.'

'मग डोंगरावर जा. वनखात्याला विचारा.' मग जरा थांबून, आवाज खाली आणून, 'उडवा हो. कोण बघतंय? फक्त आम्हाला विचारलं होतं असं कुठे बोलू नका.'

ही आपली परवानगीची पद्धत. लेखी द्या म्हटलं की साहेब राउंडला गेलेले असतात. वनखात्याच्या कार्यालयात गेलो, तर तिथे म्हणाले आधी पोलिसांचा ना-हरकत आणा. मी त्यांना चौकीत काय झालं ते सांगितलं नाही. शब्द दिला होता.

मग किल्ला. सह्याद्रीत राहून वरून किल्ला टिपायचा नाही तर ड्रोन घ्यायचा कशाला? पण बरेचसे किल्ले संरक्षित स्मारकं, काहींच्या भोवती अभयारण्य. केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे असलेल्या किल्ल्यावर त्यांच्या परवानगीशिवाय ड्रोन नाही, आणि ते योग्यच आहे असं माझं मत आहे. तटबंदीवर ड्रोन आदळून दगड पाडलेला मला नकोय. तर मी एका किल्ल्यावर गेलो, ड्रोन बॅगेतच. पहारेकऱ्याने बॅग उघडायला लावली. 'हे वर न्यायचं नाही.' ठीक. टपरीवर ठेवून वर गेलो. वर बालेकिल्ल्यावर काय? प्री-वेडिंग. नऊवारीतली नवरी, फेटेवाला नवरा, धुराच्या नळकांड्या, आणि डोक्यावर माझ्यापेक्षा चौपट मोठा ड्रोन घोंघावतोय. 'भावा, थोडं डावीकडे! ताई, पदर सोडा वाऱ्यावर!' खाली उतरताना पहारेकऱ्याला विचारलं तर म्हणाला, 'त्यांचं वरून आलंय.' वरून म्हणजे कुठून, ते त्याने सांगितलं नाही. ड्रोनमधूनच असेल.

डोक्यात जातं ते हे. जो विचारायला जातो त्याला नाही म्हणतात. जो विचारतच नाही त्याला कुणी काही म्हणत नाही. लग्नाच्या हॉलमध्ये, छताखाली, सातशे माणसांच्या अक्षतांमध्ये ड्रोन फिरवतात लोक! पात्यांच्या वाऱ्याने भटजींचं उपरणं उडतं आणि पाहुणे वर बघून हात हलवतात. मिरवणुकीत उडतात, सभेत उडतात. आणि मी? मी पहाटे सहाला गाडी काढून शहरापासून साठ किलोमीटर लांब जातो, आणि तरी चोरासारखा इकडेतिकडे बघत पाती उघडतो.

शेवटी ठरवलं, सासरवाडीला उडवू. जुन्नर तालुका. मेव्हण्याचं स्वतःचं खळं, स्वतःचं शेत, नकाशावर हिरवंगार. मे महिना. पोचलो तोवर बातमी माझ्या आधी पोचली होती. सात-आठ पोरं कुंपणावर बसलेली. 'काका, बिबट्या शोधायला आलाय का?' त्यांचंही बरोबर आहे, तिकडे वनखातं बिबट्यासाठी ड्रोन फिरवतं. एक म्हातारे बाबा म्हणाले, 'गावठाणाच्या मोजणीला आला होता, तसलाच ना?' स्वामित्व योजनेचा सर्व्हे त्यांनी बघितलेला. म्हणजे ड्रोन म्हणजे काय हे गावाला माझ्याआधी माहीत होतं. फक्त फोटो काढायलाही कुणी ड्रोन आणतं, ही गोष्ट कुणाला पटत नव्हती.

पहिल्यांदा ठेवला विहिरीच्या स्लॅबवर. कंपासची एरर. खालच्या सळयांचा परिणाम, हे नंतर वाचलं. मग उचलून खळ्यात ठेवला. उपग्रह मिळेपर्यंत थांबायचं, 'होम पॉइंट', म्हणजे परत यायची जागा, नोंदला की मगच उडवायचं, हे पाठ होतं. थांबलो. नोंदला. रिमोटची काडी वर ढकलली. आणि पाती जमिनीजवळ असताना वारा खाली मारतात, हे मात्र मी विसरलो होतो. खळ्यातली सगळी धूळ आणि भुसा एका ढगात उठला आणि शेजारच्या खाटेवर, पांढऱ्या लुगड्यावर, सकाळपासून घातलेल्या सासूबाईंच्या कुरडयांवर जाऊन बसला. अजून ओल्या होत्या. पांढऱ्याच्या तपकिरी झाल्या. सासूबाई मला काही बोलल्या नाहीत. जावयाला बोलत नाहीत. त्या मेव्हण्याला बोलल्या, पाऊण तास.

पण वर गेल्यावर! पन्नास-साठ मीटरवरून कॅमेरा खाली वळवला आणि मी गप्पच झालो. उसाची हिरवी चौकट, नांगरलेली काळी, विहिरीचा गोल, त्यात आभाळ. वीस सेकंद. तेवढ्यात एक घार आली. घारींना हे प्रकरण अजिबात खपत नाही, सरळ अंगावर येतात. घार आली की सरळ वर चढायचं, तिला तेवढ्या वेगाने चढता येत नाही म्हणतात. चढलो. वर वारा जास्त, स्क्रीनवर लाल पट्टी, ड्रोन तिरका होऊन जागेवर थरथरतोय. आणि त्याच वेळी मागून आवाज, 'कोण रं ड्रोन सोडतंय?'

सहा माणसं. दोघांच्या हातात काठ्या. त्यांचीही चूक नाही. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्यातल्या कितीतरी गावांवर रात्री ड्रोन घिरट्या घालताना लोकांनी बघितले आणि चोर टेहळणी करतात म्हणून लोकांनी रात्र-रात्र गस्त घातली. ती भीती अजून आहे. मेव्हणा पळत आला, 'आमचे दाजी हायेत, पुण्याचे!' काठ्या खाली आल्या. आणि लगेच, 'आमचं घर काढा की वरून.' 'आमचं मंदिर.' 'ट्रॅक्टर.' बॅटरी ३१ मिनिटं चालते असं खोक्यावर लिहिलंय. ते बिनवाऱ्याच्या स्वर्गात. इथे अठराव्या मिनिटाला तो ओरडायला लागला आणि मी उतरवला, या वेळी कुरडयांपासून लांब.

रात्री पडवीत बसून फोटो दाखवले. तो उसाचा, विहिरीचा. मला वाटलं आता कुणीतरी वा म्हणेल. एका शेजाऱ्याने फोन हातात घेतला, दोन बोटांनी मोठा केला, अजून मोठा केला, आणि म्हणाला, 'हे बघा. बांध. इथं सरळ हाय, इथनं आत घुसलाय. दोन फूट कोरलाय त्यानं माझा बांध. मी बारा वर्षं बोंबलतोय.' ज्याच्याबद्दल बोलत होता तो समोरच तंबाखू मळत होता. पुढचं सांगत नाही. माझा आयुष्यातला पहिला चांगला फोटो तलाठ्याकडे पुरावा म्हणून जायच्या बेतात होता. दुसऱ्या दिवशी पुण्याला परतताना मेव्हण्याचा फोन, 'दाजी, ते फोटो काढून टाका. भावकी तुटायला आलीय.' काढून टाकले. कार्डावरूनसुद्धा.

आणि इकडे ते व्हिडिओवाले. 'मित्रांनो, पहिल्याच दिवशी सिनेमॅटिक शॉट कसा घ्यायचा!' शटर फ्रेमच्या दुप्पट ठेवा, उन्हात उजेड कमी करणारा एनडी फिल्टर लावा, सोनेरी उजेडात उडवा. अरे, जागा सांग ना, जागा! फिल्टर मी आणलेत. चार आणलेत. चष्म्याच्या डबीत ठेवलेत. तुम्ही कुठल्या तळ्यावर, कुठल्या घाटात उभे आहात ते मला दिसतंय, आणि तो पट्टा कुठल्या रंगाचा आहे तेही आता मला पाठ आहे. एकाला खाली विचारलं, इथे परवानगी कशी मिळवली? त्याने उत्तरात अंगठा पाठवला.

परवा पुन्हा मेव्हण्याचा फोन. 'दाजी, यात्रेत बैलगाडा शर्यत हाय. ड्रोन घेऊन या. शर्यतीच्या घाटाच्या वरनं निशाणापर्यंत आख्खी बारी, म्हंजी गाड्याची धाव, पायजे पोरांना.'

'अरे, खाली हजारो माणसं असतील. परवानगी आहे का?'

'हाय की. कलेक्टरची हाय.'

'ड्रोनची?'

'शर्यतीची.'