एका ग्रॅमचा भात

मी मूळचा भंडाऱ्याकडचा. आमच्याकडे 'जेवला का?' म्हणजे 'भात खाल्ला का?' पोळी असते, पण ती ताटाची शोभा म्हणून. त्यामुळे एप्रिलमध्ये डॉक्टरांनी माझा रिपोर्ट चष्म्यावरून पाहत 'एचबीए१सी ६.२. भात कमी करा,' म्हटलं तेव्हा मला गाव सोडायला सांगितल्यासारखं झालं. एचबीए१सी म्हणजे गेल्या तीन महिन्यांतल्या रक्तातल्या साखरेची सरासरी; त्यात ५.७ ते ६.४ हा म्हणे उंबरठा. त्यापुढे मधुमेहाचं घर. माझी बायको अकोल्याची, ज्वारीच्या मुलखातली. पंचवीस वर्षं चाललेला खटला जिंकल्याचं समाधान तिच्या तोंडावर पसरलं. "मी तर कवाची म्हणून राहिली, भाकर खा!"

नेमकी त्याच संध्याकाळी भाची टपकली. ती सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करते आणि समोर कोण आहे याची पर्वा न करता शिकवते. "मामा, भात सोडू नका. थंडा करून खा."

मामाला मामा बनवायचा हक्क भाचीला असतोच, पण हिच्याकडे शास्त्र होतं. भातातला स्टार्च म्हणजे साखरेच्या मण्यांच्या लांबच लांब माळा. पाण्यात शिजल्या की त्या फुगून सैल होतात, आणि लाळेतले नि स्वादुपिंडातले पाचक रस त्यांचे पटापट तुकडे पाडतात. साखर रक्तात. पण तोच भात थंड झाला की काही माळा पुन्हा एकमेकींना घट्ट बिलगतात. "आजी लुगड्याला खळ घालायची ना? खळ म्हणजे स्टार्चच. गरम असते तोवर पातळ, थंडी झाली की कशी गच्च बसते!" त्या गच्च भागात पाचक रसांची कात्री शिरत नाही. तो लहान आतड्यातून तसाच्या तसा मोठ्या आतड्यात उतरतो. हान्स इंग्लिस्ट नावाच्या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये याला 'रेझिस्टंट स्टार्च' हे नाव दिलं. अन्नातला चोथा मोजताना रसांना न जुमानणारा हा स्टार्च त्यांच्या हिशेबात मधेमधे येत होता.

"मग मोठ्या आतड्यात काय होते?"

"तिथं तुमचे बॅक्टेरिया जेवतात."

आणि तिने आकडा सांगितला. साधारण सत्तर किलोच्या माणसाच्या अंगात ३८ लाख कोटी बॅक्टेरिया असतात, बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात. 'लाख कोटी' हे शब्द मी आजवर फक्त केंद्राच्या अर्थसंकल्पात ऐकले होते. सगळ्यांचं वजन मिळून पाव किलोही भरत नाही. त्यांच्यात रुमिनोकॉकस ब्रोमाय नावाचा एक मुकादम असतो. कडक स्टार्च आधी तो फोडतो, मग बाकीची पंगत बसते. जेवून झालं की ते काही आम्लं बनवतात, त्यातलं ब्युटिरेट हे आपल्या मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं मुख्य इंधन. शिवाय या आम्लांमुळे आतड्यातून पोट भरल्याचे निरोप देणारे हार्मोन सुटतात. म्हणजे मी जेवायचं, त्यांनी जेवायचं, आणि मग त्यांनी मला जेवू घालायचं. सहकाराचं इतकं चांगलं उदाहरण मी बँकेत असूनही पाहिलं नव्हतं.

"पण हळूहळू वाढवा हं, मामा," असंही ती म्हणाली. हे वाक्य मला नंतर आठवलं.

दुसऱ्या दिवशी आमच्या फ्रिजची फाळणी झाली. नागपूरच्या उन्हाळ्यात फ्रिजचा एकेक इंच म्हणजे धरमपेठेतला प्लॉट. पाण्याच्या बाटल्या, कैरीचं पन्हं, आमरसाचं पातेलं, टरबुजाची अर्धी फाक, आणि आता भाताचे सहा डबे, प्रत्येकावर माझ्या अक्षरात तारीख आणि वेळ. भात ओट्यावर ठेवून भागत नव्हतं. पारा ४५ वर असताना बाहेर राहिलेल्या भातात बॅसिलस सिरियस नावाचं वेगळंच पाहुणं वाढतं, आणि त्याचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून वाफ गेली की भात लगेच आत. मी रात्री दार उघडून डबे मोजायचो. "शवागार करून ठेवलं फ्रिजचं," बायको म्हणाली आणि टरबूज शेजारच्या काकूंकडे पोचवून आली.

तेवढ्यात आईचा भंडाऱ्याहून फोन. कोणीतरी कळवलं होतं. "शिळा भात खाऊन राहिला म्हणते? काऊन रे, पगार होत नाही का तुले?"

मी म्हटलं, "आई, लहानपणी तूच तर रात्रीचा भात पाण्यात घालून सकाळी कांद्यासोबत द्यायची."

"तवा दुसरं काही नव्हतं म्हणून देत होती. शास्त्र म्हणून नाही!"

मग ग्लुकोमीटर आणलं. ताजा भात खाऊन दोन तासांनी १६८. थंड केलेला खाऊन १५१. मी बोट चोखत घरभर नाचलो. तिसऱ्या दिवशी थंड भातावर १७९! भाचीला फोन लावला. तिने एकच विचारलं, "किती खाल्ला?" साखर कमी चढते या आनंदात मी दोन वाट्यांच्या जागी चार हाणल्या होत्या. तेव्हा कुठे तिने खरा हिशेब सांगितला. एका अभ्यासात शंभर ग्रॅम ताज्या पांढऱ्या भातात रेझिस्टंट स्टार्च निघाला ०.६४ ग्रॅम; २४ तास ४ अंशांवर ठेवून पुन्हा गरम केलेल्या भातात १.६५.

म्हणजे फरक एका ग्रॅमचा. त्या एका ग्रॅमसाठी माझं टरबूज शेजारी गेलं होतं.

पण मी भंडाऱ्याचा. ग्रॅम कमी पडतो तर वाढवू! हिरव्या केळ्यात हा स्टार्च भरपूर असतो, उकडून थंड केलेल्या आलूतही बनतो. सकाळी कच्चं केळं, डब्यात थंडे आलू, रात्री भात. चौथ्या दिवशी ३८ लाख कोटींनी महाप्रसाद घातला.

आता पंगत म्हटली की आवाज होणारच. बॅक्टेरिया स्टार्च आंबवतात तेव्हा आम्लांबरोबर हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि कोणाकोणाच्या पोटात मिथेनही तयार होतो. त्यातला थोडा हायड्रोजन रक्तात शिरून श्वासावाटे निघून जातो. डॉक्टर त्यावरून तपासणीही करतात. उरलेला सभ्य मार्गाने जात नाही.

सकाळी नऊ चाळीस, मेट्रोची अॅक्वा लाइन. एलएडी चौकात चढलो तेव्हा पोटात दूरवर ढग गडगडल्यासारखं झालं. शंकरनगरला माझ्या शेजारच्या आजोबांनी खिडकीबाहेर पाहून "पाऊस येते का काय" म्हटलं. बाहेर कडकडीत ऊन. मेट्रोची खिडकी उघडत नाही, हा शोध मला त्या क्षणी लागला. मी दांडा दोन्ही हातांनी धरला, श्वास रोखला, मनात रुमिनोकॉकस ब्रोमायची आई-बहीण काढली. झाशी राणी चौक येईपर्यंत तग धरला. दार उघडायला आणि माझा संयम सुटायला एकच गाठ पडली. मागे एक कॉलेजकुमार "अबे, कोण आहे बे!" ओरडला. मी मागे न पाहता उतरलो, आणि उतरणाऱ्यांत सर्वांत मोठ्याने मीच नाक दाबलं.

त्या दिवसापासून मेट्रो बंद. सीताबर्डी ते एलएडी चौक अडीच-तीन किलोमीटर, सकाळ-संध्याकाळ पायी. डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा, चेहऱ्यावर व्यायामप्रेमी माणसाचे भाव. मोकळ्या हवेत मी कोणाचंही देणं लागत नव्हतो.

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त दिलं. ५.८.

भाची म्हणाली, "बघा मामा, बॅक्टेरिया!" बायको म्हणाली, "भाकर." कारण जूनपासून रात्रीचा भात दीड वाटीवर आला होता आणि शेजारी भाकरी बसली होती. डॉक्टरांनी विचारलं, "काय केलं?" मी भाताच्या माळांपासून सुरू केलं. त्यांनी मला थांबवून वजनकाट्यावर उभं केलं. चार किलो कमी. "चालता का?"

"हो. रोज पाच-सहा किलोमीटर."

"व्वा! कशामुळे सुचलं?"

मी मेट्रोचा महागडा पास वगैरे काहीतरी सांगितलं आणि बाहेर पडलो. त्यांचा दवाखाना चौथ्या मजल्यावर. लिफ्टचं दार उघडलं. आत पाच माणसं, एक तान्हं बाळ. सकाळी कच्चं केळं झालं होतं.

"या ना काका, जागा आहे," आतल्या मुलाने बटण धरून ठेवलं.

"नको," म्हटलं आणि जिना धरला.