कोट कशाला लावताय?

लिनक्समधल्या फाइली शोधणाऱ्या फाइंड कमांडमध्ये स्टारच्या ('इथे काहीही चालेल' सांगणाऱ्या * या खुणेच्या) दोन्ही बाजूंना कोट, म्हणजे अवतरणचिन्हं, लावणारी माणसं मुळात भित्री. तुम्ही त्यातले नाही. तेव्हा बिनधास्त लिहा: फाइंड . -नेम *.टीएक्सटी. ठोका एंटर.

चालली ना? चालणारच. तुम्ही उभे आहात त्या फोल्डरमध्ये एकही टीएक्सटी फाइल नाही. जुळणारं काही मिळालं नाही की बॅश (तुमची कमांड वाचून पुढे पाठवणारा प्रोग्रॅम, म्हणजेच शेल) तो स्टार जसाच्या तसा पुढे ढकलतो आणि फाइंड खालचे सगळे फोल्डर इमानेइतबारे पालथे घालतो. हा निकाल पुरावा म्हणून टीममध्ये फिरवा. (झेडशेल नावाच्या दुसऱ्या शेलच्या नादी मात्र लागू नका. आगाऊ आहे तो. अशा वेळी 'नो मॅचेस फाउंड' म्हणून कमांडच अडवतो.)

उद्या त्याच फोल्डरमध्ये कोणीतरी यादी.टीएक्सटी ठेवेल. मग फाइंडला हाक जाण्याआधीच शेल स्टार काढून तिथे ते नाव बसवेल. फाइंडच्या हाती पडेल: -नेम यादी.टीएक्सटी. तो बापडा तेवढ्याच नावाची फाइल शोधेल. बाकीच्या फाइली जागच्या जागी, एररचं नाव नाही. 'सर, एकच फाइल आहे,' असं मीटिंगमध्ये छातीठोकपणे सांगा. दोन फाइली असल्या की मात्र फाइंड कुरकुरतो, 'पाथ्स मस्ट प्रिसीड एक्स्प्रेशन'. मग लिनक्सला चार शिव्या घालून मशीन रीस्टार्ट करा. स्टारचा अर्थ आधी लावायचा आणि मगच कमांडला बोलवायचं, ही युनिक्सची रीत १९७१ पासूनची. तेव्हा त्या कामाला ग्लॉब नावाचा वेगळा प्रोग्रॅमच होता. पण इतकं जुनं कोण वाचतं?

काही संशयी लोक कमांडच्या आधी इको (मिळेल ते नुसतं छापून दाखवणारी कमांड) लावून शेल नेमकं काय पुढे पाठवतो ते बघून घेतात. त्यांच्याकडे वेळ असतो.

कोट लावायचा फारच आग्रह झाला, तर वर्डमधून कॉपी करा. तिथले कोट छान वळणदार असतात. शेलच्या लेखी ती साधी अक्षरं, त्यामुळे फाइंड नावातच कोट असलेल्या फाइली शोधत बसतो. निकाल शून्य. डिस्क स्वच्छ असल्याचं कळवून टाका.

आणि सफाईच करायची असेल तर -डिलीट आधी लिहा, -नेम मागाहून. फाइंड डावीकडून वाचतो: आधी पुसतो, मग नाव जुळतं का ते विचारतो. पुढच्या वेळी शोध कसा झटक्यात होतो बघा.