सूतीनचा बैल १९२५ चा आहे

शाईम सूतीनचं सोललेल्या बैलाचं चित्र सध्या एका मजकुरासह फिरतंय. नाझींपासून पळून पॅरिसला आलेल्या या ज्यू चित्रकाराने हत्याकांडाची वेदना रंगवली, तो कुठेही न शिकलेला वेडा प्रतिभावंत होता आणि शेवटी छळछावणीत मारला गेला, असं त्यात लिहिलंय. लिहिणाऱ्याचा कळवळा खरा असेल, माहिती मात्र चुकीची आहे.

सूतीन पॅरिसला आला १९१३ मध्ये. तेव्हा नाझी पक्ष जन्मालाही आला नव्हता. मिन्स्कजवळच्या स्मिलोविचीतल्या गरीब शिंप्याचा हा मुलगा चित्रकार व्हायला आला होता.

बैलाचं चित्र साधारण १९२५ चं, म्हणजे हिटलर सत्तेवर येण्याच्या आठेक वर्षं आधीचं. त्याची प्रेरणा पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आजही बघता येते: डच चित्रकार रेम्ब्रांटने १६५५ मध्ये रंगवलेला सोललेला बैल. सूतीनने कत्तलखान्यातून अख्खं धड आणून स्टुडिओत टांगलं. मांस काळवंडलं की त्यावर ताजं रक्त ओतायचं, म्हणजे लाल पुन्हा उजळायचा. वासाने शेजारी हैराण झाले, आरोग्य खात्याची माणसं दारात आली. एवढा खटाटोप कशासाठी? समोर वस्तू असल्याशिवाय तो रंगवतच नसे. त्या लालात पुढचं हत्याकांड शोधलं की त्याने इतक्या हट्टाने पाहिलेलं मांस आपल्याला दिसेनासं होतं.

तो छावणीत मेला नाही. पण नाझीव्याप्त फ्रान्समध्ये ज्यू म्हणून लपतछपत जगला, शेवटी शांपिन्यी गावात. पोटातला जुना अल्सर बळावला. शस्त्रक्रियेसाठी पॅरिसला नेताना पकडलं जाऊ नये म्हणून आडवाटा घ्याव्या लागल्या, त्यात मोलाचा वेळ गेला. ९ ऑगस्ट १९४३ ला तो वारला. त्या मरणाचा दोष छळणाऱ्यांकडेच जातो. त्यासाठी छावणी कल्पायची गरज नाही.

मला सर्वांत जास्त खटकतं ते ‘न शिकलेला वेडा’. विल्नाच्या (आजच्या व्हिल्नियसच्या) कलाशाळेत तो शिकला, मग पॅरिसच्या एकोल दे बोझार या कलाशाळेत. लूव्रमध्ये रेम्ब्रांट आणि फ्रेंच चित्रकार शार्दँ यांच्या चित्रांपुढे तासन्‌तास उभा राहिला. हात चालू लागला की वेगाने चाले, हे खरं. पण दक्षिण फ्रान्समधल्या सेरे गावात केलेली आपलीच चित्रं पुढे त्याला पसंत पडेनात, तेव्हा हाती लागतील तेवढी मिळवून त्याने ती फाडली, जाळली. आपल्या कामाला इतकी कडक कसोटी लावणाऱ्याला बेभान कसं म्हणायचं?