‘आईने कधी तक्रार केली नाही’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

आईच्या घरकामाची किंमत रुपयांत मांडायला लाजू नये, असं मी मातृदिनाच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमची प्रतिक्रिया अशी : ‘ताई, जरा अभ्यास करून लिहीत जा. आईची माया पैशात मोजणारी तुमची पिढी. आमच्या आईने आम्हा पाच भावंडांचं केलं, कधी तक्रार केली नाही. कोर्टाचे दाखले देऊन नाती टिकत नाहीत. आणि शेतात राबणाऱ्या बायका तुम्हाला दिसतच नाहीत.’

आधी तुमच्या सुराबद्दल. ‘ताई’ म्हणायचं आणि त्याच दमात अक्कल काढायची, ही कुठली रीत? मतभेद असू द्यात, त्याचं मला कधीच वावडं नव्हतं. पण ‘तुमची पिढी’ म्हणून हिणवायचं काय कारण? माझं वय तुम्हाला ठाऊक नाही. मी स्वतः दोन मुलांची आई आहे आणि हे घर गेली कित्येक वर्षं चालवते आहे.

शेतकरी बायकांबद्दलचं म्हणणं मान्य. त्यांच्यावर मी लिहिलं नाही, कारण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

आता ‘कधी तक्रार केली नाही’. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय आणि दर वेळी मला त्याचा राग येतो. तक्रार केली नाही म्हणजे त्रास नव्हता, हे कुणी ठरवलं? पाच मुलांच्या घरात त्या माउलीने तक्रार करायची तरी कुणापाशी? सासूपाशी? तुमच्या वडिलांपाशी? तुम्ही कधी विचारलं होतं का?

माझ्या आईनेही केली नाही. दर उन्हाळ्यात आमच्याच नव्हे, दोन्ही काकांच्या आणि आत्याच्याही कुरडया तीच घालायची. तीन दिवस गहू भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, पहाटे उठून तो शिजवायचा. गुठळी होऊ नये म्हणून घोटणारा हात थांबवता येत नाही. सोऱ्यात भरायचा तोही गरमच, गार झाला की दाबला जात नाही. तळहात लाल व्हायचे. ऊन चढायच्या आत गच्चीवर सगळं घालून झालेलं असायचं, कारण खाली स्वयंपाक वाट बघत असायचा.

पुढे तिचा उजवा खांदा धरला, हात वर जाईना. त्या वर्षी कुरडया बचत गटाकडून आणल्या. भाव ऐकून वडील म्हणाले, ‘कुरडयांना एवढे पैसे?’ आई आतूनच म्हणाली, ‘मजुरी धरलीय त्यात.’

वडील काही बोलले नाहीत. तिला किंमत ठाऊक होती, पहिल्यापासून. तिने मागितली नाही, एवढंच. तेव्हा मोजणारी पिढी माझी नव्हे, तिची.

आणि अभ्यासाचं म्हणाल तर २०१९ सालच्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात दिवसभरात बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका ८१.२ टक्के निघाल्या, पुरुष २६.१ टक्के. जे करतात त्यांचा सरासरी वेळ बायकांचा २९९ मिनिटं, पुरुषांचा ९७. यात माया कुठे मोजली आहे? राबणं मोजलं आहे. सण असो, ताप असो, ही मिनिटं कुणीतरी भरतंच आणि ते कुणीतरी कोण, हे आपल्या दोघांनाही माहीत आहे.

बाकीच्या मुद्द्यांवर वाद घालण्याइतकं त्यांत काही नाही. तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही. पुन्हा लिहिलंत तरी वाचीन. मात्र त्याआधी लेख शेवटपर्यंत वाचा. कोर्टाचा दाखला नाती टिकवण्यासाठी दिलेला नव्हताच. १९८९ साली जमशेदपूरला लागलेल्या आगीत ज्या गृहिणी गेल्या, त्यांच्या घरच्यांना भरपाई किती द्यायची, हा तिथे प्रश्न होता. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्यातल्या ३४ ते ५९ वयाच्या गृहिणींच्या घरकामाचे महिना ३,००० रुपये धरले. शून्य धरायला हवे होते, असं तुमचं म्हणणं असेल तर तसं सरळ लिहा.