दोन तांब्याच्या तारा आणि चार अँटेना

राउटर घ्यायला माणूस नाशकातल्या एम.जी. रोडवर जातो तेव्हा त्याच्या डोक्यात एकच प्रश्न असतो: अँटेना किती? दुकानदारही त्यात मुरलेला. "दादा, दोनवाला आहे, चारवाला आहे. चारवालाच न्या, तिसऱ्या मजल्यापर्यंत रेंज." गंगापूर रोडचा बंगला असो नाहीतर सिडकोतलं रो-हाउस, रेंज प्रत्येकाला गच्चीपर्यंत हवी असते, मग गच्चीत वाळत घातलेल्या पापडांखेरीज कोणी नसलं तरी चालेल. खोकं पिशवीत पडतं, पैसे दिले जातात, आणि ज्या एका गोष्टीवर सगळं अडलेलं असतं ती ना दुकानदार विचारत, ना गिऱ्हाईक सांगत: घरात येणारी वायर कसली आहे?

नाशकातल्या खांबांवर तिन्ही जाती गुण्यागोविंदाने लोंबकळत असतात. लँडलाइनची दोन तारांची जोडी, केबलवाल्याची आठ तारांची लॅन केबल आणि फायबरची बारीक काळी वायर. डीएसएल म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून येणारं इंटरनेट. त्याची वायर यातली पहिली, आणि फक्त पहिली. फायबर आलं असेल तर भिंतीवर हिरव्या पिनीचं ओएनटी, म्हणजे फायबरवाल्याचा डबा, लागलेलं असतं. अशा घरासाठी डीएसएल राउटर विकत घेणं म्हणजे पैसे गोदार्पण.

म्हणून दुकानातच खोकं उघडायला लावायचं आणि राउटरची मागची बाजू पाहायची. दुकानदार नाराज होतो, होऊ द्यावा. डीएसएल राउटरच्या मागे एक अरुंद भोक असतं, आरजे-११, आणि त्यावर 'डीएसएल' किंवा 'लाइन' असं लिहिलेलं असतं. साध्या राउटरला ते नसतं. त्याला 'वॅन' लिहिलेलं रुंद आरजे-४५ असतं. खरी फसगत पुढे आहे. टेलिफोनची बारीक पिन त्या रुंद भोकात छान बसते. 'टक' असा आवाजसुद्धा येतो. माणूस समाधानाने सोफ्यावर बसतो आणि नेट येण्याची वाट पाहतो, ते येत नाही. वर फोनच्या जोडीवर ४८ व्होल्ट डीसी असतात आणि घंटी वाजताना त्यावर ७५ व्होल्टच्या आसपास एसी चढतो. बिचाऱ्या वॅन पोर्टाला याची कुणी कल्पना दिलेली नसते.

खोक्यावरचा मोठा आकडा हे दुसरं प्रकरण. '३०० एमबीपीएस' हा वाय-फायचा कागदावरचा वेग आहे, राउटर ते मोबाइल एवढ्या प्रवासाचा. तांब्याच्या तारेवरून घरात येणारं एडीएसएल-२-प्लस (डीएसएलचा नेहमीचा प्रकार) सगळं काही मनासारखं जुळून आलं तरी २४ एमबीपीएसवर थांबतं. तेही टेलिफोन एक्स्चेंजपासून किलोमीटरभराच्या आत. तिथून पुढे वेग घसरत जातो आणि ५ किलोमीटरवर नावापुरता उरतो. हे अंतर तारेचं मोजायचं, पतंगाच्या दोरीसारखं सरळ रेषेतलं नाही. एक्स्चेंज खिडकीतून दिसतं म्हणून कुणी छाती फुगवू नये. तार आधी पिलरला (रस्त्याकडेच्या पेटीला) जाते, तिथून डीपीला (टेलिफोनच्या जोड्या वाटणाऱ्या डबीला), तिथून खांबावरून खांबावर हिंडत आपल्या घरी येते. वाटेत सगळ्या आळीची चौकशी करून आल्याखेरीज तिला चैन पडत नाही.

व्हीडीएसएल-२ हा डीएसएलचा पुढचा अवतार वेगवान खरा, पण ते ज्या वरच्या लहरी वापरतं (१७ए प्रोफाइल १७.६ मेगाहर्ट्झपर्यंत जातं, एडीएसएल-२-प्लस २.२ वरच थांबतं) त्या लांबच्या तारेत टिकत नाहीत. शिवाय एक्स्चेंजमधल्या डीएसलॅममध्ये (घरोघरच्या डीएसएल लाइनी जिथे जोडतात त्या यंत्रात) तसलं कार्ड हवं. ते आहे की नाही, हे आधी विचारायचं आणि राउटर नंतर घ्यायचा. नाशिककर नेमकं उलट करतो, कारण डिस्काउंट रविवारपर्यंतच असतं. बरेचसे व्हीडीएसएल राउटर एडीएसएलवरही चालतात, सगळे चालत नाहीत. खोक्याच्या बाजूला बारीक अक्षरात जी.९९२.५ (एडीएसएल-२-प्लसचं मानक) आणि जी.९९३.२ (व्हीडीएसएल-२ चं) असे दोन्ही आकडे छापलेले असले म्हणजे निर्धास्त व्हावं.

त्याच बारीक अक्षरात 'ॲनेक्स' नावाची, म्हणजे मानकाच्या उपप्रकाराची, भानगड असते. आपल्याकडे साध्या लँडलाइनसाठी ॲनेक्स ए लागतं. जर्मनीला असलेला भाचा मोठ्या प्रेमाने तिकडचा देखणा राउटर घेऊन येतो, तो बहुधा ॲनेक्स बी निघतो. तो आयएसडीएन, म्हणजे जुन्या डिजिटल फोनच्या लाइनसाठी बनवलेला. वर जाणारा डेटा १३८ किलोहर्ट्झच्या वर पाठवतो, आणि आपलं एक्स्चेंज त्याची वाट २५ ते १३८ च्या मध्ये पाहत बसतं. दोघांची गाठ पडत नाही. मावशी मात्र सगळ्यांना सांगते की फॉरेनचा आहे, इथल्या वीजेवर चालत नसेल.

आता मुद्द्याचं. नवा राउटर घ्यायच्या आधी जुन्या मॉडेमला (म्हणजे जुन्या डीएसएल राउटरला) दोन प्रश्न विचारून घ्यावेत. ब्राउझरमध्ये मॉडेमचा पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१, टाकायचा, 'स्टेटस'मध्ये जाऊन डीएसएलची आकडेवारी उघडायची. पहिला आकडा ॲटेन्युएशन, म्हणजे वाटेत सिग्नल किती झिजला. ढोबळ हिशेब असा, की एडीएसएलवर किलोमीटरला १३-१४ डेसिबल जातात. आकडा ३० च्या आत असेल तर तुम्ही भाग्यवान, ४५ पर्यंत संसार चालतो, आणि ६० च्या पुढे असेल तर कितीही महाग राउटर आणा, तार तेवढीच लांब राहते. दुसरा आकडा एसएनआर मार्जिन. गोदावरीला पूर आला की आपण पाण्याची उंची मीटरमध्ये विचारत नाही. नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठपर्यंत आलं ते विचारतो. मार्जिनही तसंच वाचायचं. खरखरीचं पाणी चढल्यावर मूर्ती वर किती उरली, तो उरलेला भाग म्हणजे मार्जिन. १० डेसिबलच्या वर असेल तर झोप शांत लागते. ६ च्या खाली आलं की लाइन अधूनमधून तुटायला लागते, आणि शून्याला टेकलं की डीएसएलचा दिवा लुकलुकत राहतो. तो जोवर लुकलुकतो तोवर राउटर आणि एक्स्चेंज यांची बोलणी चालू आहेत, फिसकटलेली नाहीत, एवढाच दिलासा.

मार्जिन दुपारी १२ डेसिबल आणि रात्री नऊच्या सुमारास ४ डेसिबल असेल तर राउटर बदलू नका. घरातली वायर बघा. माझं तर स्पष्ट मत आहे की निम्म्याहून जास्त डीएसएल राउटर हे रोझेटच्या पापाची शिक्षा भोगत भंगारात जातात.

रोझेट म्हणजे कपाटामागे किंवा दरवाज्याच्या चौकटीला ठोकलेली ती पांढरी डबी. आता ती पांढरी नसते. दर दिवाळीला रंगाऱ्याने तिच्यावरून ब्रश फिरवलेला असतो. स्क्रू सापडेपर्यंत नखाने रंग खरवडावा लागतो. झाकण उघडलं की आत पालीची अंडी, थोडं वाळवीचं मातीकाम आणि दोन स्क्रूंना गुंडाळलेल्या दोन तारा, त्यांच्यावर हिरवा थर. हा हिरवा थर म्हणजे तांब्याला लागलेला गंज. बोलण्याचा आवाज साधारण ३४०० हर्ट्झच्या आत असतो, तो या गंजातूनही निघून जातो. नेटच्या लहरी त्याहून कितीतरी वरच्या, त्या अडखळतात. त्यामुळे फोन ठणठणीत आणि नेट गायब, हे कोडं पडतं. इलाज अगदी गरिबीतला आहे. तार इंचभर कापायची, ताजं लालसर तांबं काढायचं, स्क्रू पॉलिश पेपरने घासायचे आणि करकचून आवळायचे. दोन्ही तारांचा एकमेकींना स्पर्श होता कामा नये. झाला तर एक्स्चेंजला वाटतं तुम्ही रिसीव्हर उचलून ठेवलाय.

या डबीतूनच आजीच्या खोलीत, वरच्या मजल्यावर आणि एके काळी दुकानात गेलेल्या समांतर वायरी निघतात. दुकान बंद होऊन वर्षं झाली तरी वायर तशीच मोकळी असते. सिग्नल त्या मोकळ्या टोकापर्यंत जातो, आपटतो आणि परत येऊन मूळ सिग्नलमध्ये लुडबुड करतो. अशा वायरी डबीतूनच सोडवून टाका. मार्जिन तिथल्या तिथे वाढलेलं दिसेल. खात्री हवी असेल तर लाइनमनला विनंती करून बाहेरून आलेली जोडी थेट राउटरला लावून पाहा. तेव्हा आकडे सुधारले तर दोष घरात आहे, नाही सुधारले तर खांबावर. "भाऊ, चहा घ्या आधी" या वाक्याशिवाय ही चाचणी सहसा होत नाही.

स्प्लिटर म्हणजे एकाच तारेवरचे फोन आणि नेट वेगळे करणारी डबी. तिला तीन तोंडं असतात: लाइन, फोन आणि मॉडेम. बाहेरून आलेली जोडी 'लाइन'मध्येच गेली पाहिजे. उलटसुलट लावलं की फोनवर सुं-सुं आवाज येतो, आणि फोन वाजला की नेट पडतं. मग घरात असा समज पसरतो की काकूंचा फोन आला की इंटरनेट घाबरतं. बेडरूममधला कॉर्डलेस स्प्लिटरच्या अलीकडून जोडलेला असेल तर त्याला स्वतंत्र मायक्रोफिल्टर, म्हणजे नेटच्या लहरी फोनपासून अडवणारी छोटी डबी, लागतो. आणि राउटर लांब ठेवायचा असेल तर फोनची चपटी वायर वीस मीटर ताणू नका, तिच्यात पीळ नसतो, ती वाटेतली खरखर गोळा करते. राउटर रोझेटजवळ ठेवून पुढे लॅन केबल ओढा, ती कितीतरी सोशिक असते.

पावसाळा हा डीएसएलवाल्यांचा वेगळा ऋतू. जमिनीखालच्या केबलमध्ये पाणी शिरू नये म्हणून जेली भरलेली असते, पण जोड उघडा राहिला की जेलीचाही नाइलाज होतो. मार्जिन घसरतं, सीआरसी एरर (डेटातल्या चुकांची मोजणी) हजारांत जातात. ऊन पडलं की दोन दिवसांत सगळं आपोआप ठीक, आणि तेवढ्यात ज्याने नवा राउटर आणलेला असतो तो आपल्या खरेदीचं कौतुक करत फिरतो. त्यात २०२७ चा सिंहस्थ. रस्ते खोदले जाणार, आणि जेसीबीला पाण्याची पाइप कुठली, शंभर जोड्यांची केबल कुठली हे कळायचं कारण नाही.

सेटिंगचं भूत मात्र उगाच मोठं केलंय. बीएसएनएलच्या एडीएसएलला सेटिंगच्या पानावर भरायचं ते एवढंच: व्हीपीआय ०, व्हीसीआय ३५, पीपीपीओई (यूजरनेम-पासवर्डने जोडायची पद्धत), एलएलसी, आणि एमटीयू (डेटाच्या एका पाकिटाचं कमाल माप) १५०० ऐवजी १४९२, कारण पीपीपीओई स्वतःचं ८ बाइटांचं बोचकं घेऊन चालतं. हे कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवावं. डीएसएलचा दिवा स्थिर आणि इंटरनेटचा लाल असेल तर वायर निर्दोष आहे, बहुधा यूजरनेम-पासवर्ड चुकलाय. राउटर ८१९२ केबीपीएस दाखवतो आणि स्पीड टेस्ट ७ च्या आतबाहेर, यात कुणी लबाडी केलेली नसते. एडीएसएलचा माल ५३ बाइटांच्या डब्यांतून येतो आणि त्यातले ५ बाइट डब्यावरच्या पत्त्याला जातात. वर फाइल उतरवताना दिसणारा आकडा बाइटमध्ये असतो, त्याला ८ ने भागलेलं असतं. म्हणून ८०० च्या आसपास केबी पाहून कस्टमर केअरवर आवाज चढवू नये.

ॲडॉप्टरकडे कुणी बघत नाही. एक ९ व्होल्टचा, एक १२ व्होल्टचा, दोघांची पिन बहुतेकदा सारखीच. साफसफाईच्या दिवशी ते एकमेकांच्या जागी जातात. ९ चा १२ च्या राउटरला लावला तर तो दिवसातून दहादा रीस्टार्ट होतो. उलट केलं तर एकदाच बंद पडतो, कायमचा. विजा कडाडायला लागल्या की लोक प्लग काढतात आणि फोनची वायर तशीच ठेवतात. बाहेरून येणारी वीज त्या वायरीनेही येते, विजा सुरू होण्याआधीच ती काढून ठेवा.

आणि अँटेना. अँटेनाच्या नावापुढे लिहिलेल्या ५ डीबीआयने शक्ती वाढत नाही. आहे तीच शक्ती आडवी पसरते आणि वर-खाली कमी होते. उभ्या मोठ्या अँटेनाने आडव्या प्रशस्त घरात फायदा होतो, तिसरा मजला मात्र आणखी कोरडा राहतो. एखादी अँटेना आडवी करून बघा. पंचवटीतल्या जुन्या वाड्याच्या हातभर जाड भिंतीपुढे तर चारही अँटेना हात जोडतात. तिथे लॅन केबल टाकणं हाच धर्म. वाय-फायचं चॅनेल १, ६ किंवा ११ ठेवा, राउटर टीव्हीच्या मागून काढून उघड्यावर, डोक्याच्या उंचीला आणा. डीएसएलसाठी एन-३०० (३०० एमबीपीएसवाला) राउटर पुरेसा आहे, गिगाबिट पोर्टांचे जादा पैसे देऊ नका.

उद्या दारात फायबर आलं तरी जुना डीएसएल राउटर फेकू नका. त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, डीएचसीपी (घरातल्या मोबाइल-टीव्हींना पत्ते वाटायचं त्याचं काम) बंद करा, आणि मगच फायबरवाल्या डब्यातून त्याच्या लॅन भोकात केबल जोडा. मागच्या खोलीचं वाय-फाय फुकटात होतं. डीएचसीपी बंद करायचं राहिलं तर घरात दोन राउटर पत्ते वाटत बसतात. हॉलमधल्या टीव्हीला नेट मिळतं, स्वयंपाकघरातल्या मोबाइलला मिळत नाही, आणि दोष मोबाइलवर जातो. पुढे कुणीतरी टाचणी घेऊन रीसेट करतंच, आणि रीसेट झालं की डीएचसीपी परत चालू होतं. तेवढं ते रीसेटचं भोक आधीच इन्सुलेशन टेपने बुजवून टाका.