कामीय क्लोदेल ‘प्रेमात वेडी’ होऊन संपली नाही

भाचीला शिल्पकलेला प्रवेश घ्यायचाय. परवा घरच्या ग्रुपवर तिला टॅग करून एक फॉरवर्ड आला: फ्रान्सची शिल्पकार कामीय क्लोदेल गुरू रोदँच्या प्रेमात वेडी होऊन वेड्यांच्या इस्पितळात मेली, तिची शिल्पं मुळात रोदँचीच, दगड फोडणं बायकांचं काम नव्हे. खाली ‘मुलींच्या पालकांनी जरूर वाचावे’. पोरगी जेवली नाही. म्हणून लिहितेय.

दगडाचं आधी उरकते. खुद्द रोदँ मातीत घडवायचा, त्याची संगमरवरी कामं बहुतेक पगारी कारागीर कोरायचे. क्लोदेल संगमरवर स्वतः कोरायची. संपला मुद्दा.

‘शिल्पं रोदँचीच’? १८८४च्या सुमारास ती त्याच्या स्टुडिओत लागली, तो २४ वर्षांनी मोठा, सुरुवातीच्या कामावर त्याची छाप दिसते, हे मान्य. पण ती तिथे त्याची शिल्पं घडवायला मदत करत होती, हे फॉरवर्डवाल्याला कुणी सांगितलं नाही का? मुलींना पॅरिसच्या सरकारी कलाशाळेत प्रवेश मिळाला तो १८९७ साली, तोवर खासगी वर्ग नाहीतर कुणाचा तरी स्टुडिओ, एवढेच रस्ते होते. १८८८च्या प्रदर्शनात तिचं ‘शाकुंतल’ गौरवलं गेलं. आपल्या कालिदासाचं! गुडघे टेकलेला दुष्यंत आणि त्याच्यावर झुकलेली शकुंतला. आणि कामीयच्या दुसऱ्या एका शिल्पातल्या, कोपऱ्यात डोक्याला डोकं लावून कुजबुजणाऱ्या चार बायका, वीतभर उंचीच्या, त्यात रोदँ कुठे दिसतो ते दाखवा.

आता वेडाचं. ती आजारी होती, हे मी लपवणार नाही. रोदँ आपल्या कल्पना चोरतोय, आपल्या जिवावर उठलाय, असं तिला वाटायचं. स्वतःची शिल्पं तिने हातोड्याने फोडली. पण त्याआधीची वर्षं बघा. ‘प्रौढ वय’ या शिल्पाचा प्लास्टरचा नमुना सरकारने मागवला आणि ब्राँझचं काम १८९९ साली रद्द केलं. हाती पैसा नाही, घरात आईचा राग. पाठीशी होते ते वडील. ते २ मार्च १९१३ला गेले आणि आठच दिवसांत, १० मार्चला, घरच्यांनी तिला इस्पितळात डांबलं. वडील गेल्याचं तिला सांगितलंही नव्हतं.

पुढची गोष्ट या फॉरवर्डमध्ये नाही, आणि माझा संताप तिच्यासाठीच आहे. १९२०मध्ये इस्पितळातल्या डॉक्टर ब्रुने यांनी आईला लिहून कळवलं की मुलीला घरी नेऊन बघा. आईने नकार दिला. आई १९२९ साली वारली, तोवर एकदाही भेटायला गेली नाही. भाऊ पोल, मोठा कवी आणि राजदूत, क्वचित फिरकायचा. घरी न्या, अशी पत्रं ती लिहीत राहिली. तिथे तिने शिल्पाला हात लावला नाही. १९ ऑक्टोबर १९४३ला ती इस्पितळातच गेली. तीस वर्षं! प्रेमभंगाने कुणाला तीस वर्षं कोंडून ठेवता येत नाही. त्यासाठी घरचे नकार लागतात. डॉक्टर पाठवायला तयार होते, घर तिला परत घ्यायला तयार नव्हतं.

आणि हे आपण आपल्याच घरातल्या मुलीला घाबरवायला पाठवतो?

ज्या नोजाँ गावात लहानपणी ती मातीत खेळता खेळता शिकली, तिथे २०१७पासून तिच्या नावाचं संग्रहालय आहे. ग्रुपवर मी ‘शाकुंतल’चा फोटो टाकलाय. भाचीने तो मोठा करून बराच वेळ शकुंतलेचा हात पाहिला.