भरिताचे वांगे, अजिंठ्याची नक्कल आणि स्मरणचित्र : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

शाळा, नोकरी आणि निवृत्ती अशा तिन्ही काळांतल्या चित्रकलेविषयी मी लिहिले, त्यावर आपला आक्षेप असा आहे की, आमच्यासारखे कलाशिक्षक मुलांकडून तांब्या, वांगे आणि नक्कल एवढेच करून घेतात, चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेचा साचा त्यांच्या हाती देतात आणि पुढे त्यालाच कलेशी असलेले नाते म्हणतात. यातला काही भाग मला मान्य नाही. जो मान्य आहे, तो लेखात लिहायचे मी टाळले होते.

वस्तुचित्राच्या सरावासाठी मी पितळी तांब्याशेजारी जळगाव जिल्ह्यातल्या बामणोदचे भरिताचे वांगे ठेवत असे. ते फिकट हिरवे असते आणि त्यावर पांढरट रेषा असतात, हे आपल्याकडच्या मुलाला वेगळे सांगावे लागत नाही, कारण हिवाळाभर घरोघरी तेच भाजले जाते. तरीही कित्येक कागदांवर वांगे जांभळे उमटे. तक्त्यावरचे वांगे तसे होते ना! समोर असलेले वांगे त्या मुलाला दिसू लागेपर्यंत कधी कधी दोन-दोन महिने जात, आणि तो काळ वाया गेला असे मला आजही वाटत नाही. चाळीसगावच्या केकी मूस यांनी मेजावर मांडलेल्या लहानसहान वस्तूंतून जी छायाचित्रे घडवली, ती पाहिल्यावर तर वस्तुचित्राला कमी लेखणे मला शक्यच नव्हते.

नकलेला आपण कलेचे मरण म्हटले आहे. ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि चित्रकार रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून कित्येक वर्षे अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या आणि त्यांतल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. भुसावळला त्यांची कबर आहे. तिथे उभा राहिलो की ‘नक्कल’ हा शब्द मला हलका वाटत नाही. कलाशिक्षक पदविकेच्या वर्षी अजिंठ्याच्या पद्मपाणीच्या चित्रातल्या भुवईची रेषा मी पुन्हा पुन्हा उतरवली, तेव्हा ती कुठे भरते आणि कुठे विरते हे हाताला कळले. नुसते पाहून ते कळले नव्हते.

स्मरणचित्राबाबत, म्हणजे आठवणीतून काढायच्या चित्राबाबत, मात्र साच्याविषयी आपण म्हणता ते खरे आहे. लहानपणी पोळ्याला मी बैलांच्या अंगावर गेरूचे ठसे उमटवत असे. वर्गात मी मुलांना माणसांचेच ठसे दिले. डोक्यावर हंडा घेतलेली बाई, पाठमोरा टोपीवाला, झाडाखाली बसलेली भाजीवाली : विषय बाजार असो वा पाणवठा, याच आकृत्या फिरवून मांडायच्या, म्हणजे वेळेत चित्र पुरे होते आणि श्रेणी मिळते. श्रेणी मिळतही गेली. पण ज्यांच्या आया स्वतः बाजारात भाजी विकायला बसत, त्या मुलांनाही मी आईची बसण्याची ढब आठवायला सांगितले नाही.

निवृत्तीनंतर यावलच्या आठवडे बाजारात वही घेऊन बसतो, तेव्हा समोरच्या बाईऐवजी तीच ठरीव भाजीवाली हातून उतरते. मग पान उलटून, तिचा गुडघा कुठे येतो आणि तागडी धरलेला हात कसा ताणला जातो, हे पाहत पुन्हा सुरुवात करतो. गेल्या आठवड्यात तिचा एक हात बरा साधला.